वॉल आधी कुणाचा?

मेकॅनिकलच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न : व्हॉल्व्ह म्हणजे काय? उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. द्रवाचा किंवा वायूचा प्रवाह सुरू करणारं, बंद करणारं, कमी-जास्त करणारं किंवा एकाच दिशेने जाऊ देणारं साधन. मग गेट, ग्लोब, बटरफ्लाय, नॉन-रिटर्न अशी यादी. एक्स्टर्नल खूश असेल तर आकृती काढायला लावतो, नसेल तर 'नेक्स्ट'. यापुढचा प्रश्न मात्र मला अजून कुणी विचारलेला नाही. हा शब्द आधी कुणाचा? पंपातला व्हॉल्व्ह बघून डॉक्टरांनी हृदयातल्या पडद्याला ते नाव दिलं, की उलटं?

आमच्या विंगमध्ये मी सर्व्हे घेतला. तेरा जण. बारा मतं यंत्राला पडली. तेरावा म्हणाला, "वॉल एकच, द्रविड!" ते मत बाद धरलं.

हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून नाही, घरातून आला. म्हणून आधी थोडं घराबद्दल.

माझं गाव अलोरे, तालुका चिपळूण. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचा पट्टा. सह्याद्रीच्या पलीकडे अडवलेलं कोयनेचं पाणी बोगद्यांतून इकडे पोफळीला उतरतं, टर्बाइन फिरवतं, कोळकेवाडीच्या धरणात थांबतं, तिथून पुन्हा टर्बाइन फिरवून वाशिष्ठीला मिळतं. चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून १९६० मेगावॅट. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ साली सुरू झाली. माझे आजोबा त्या बोगद्यांच्या कामावर होते. त्यामुळे आमच्याकडे टनेल, शाफ्ट, पेनस्टॉक हे शब्द शाळेत जायच्या आधीच कानावर पडतात. आणि सगळ्यात जास्त पडतो तो 'वॉल'. व्हॉल्व्ह असं पूर्ण कुणी म्हणत नाही. "आज वॉल सोडला नाय काय?", "खालच्या वाडीचा वॉल जाम झालाय" ही आमच्याकडची रोजची भाषा. कारण बाबा नळपाणी योजनेवर वॉलमन आहेत. पहाटे साडेपाचला चावी खांद्यावर टाकून निघायचं, एकेका वाडीचा वॉल फिरवत जायचं. कुठल्या वाडीला किती आटे सोडले की वरच्या घराला पाणी चढतं, हे त्यांना हाताने कळतं. त्यासाठी प्रेशर गेज लागत नाही.

२०२२च्या पावसाळ्यात आईला दम लागायला लागला. आधी विहिरीवरून येताना, मग घरातल्या घरात, मग रात्री आडवं पडलं की. ती उशाला गोधडीची वळकटी लावून बसून झोपायची. "दमट हवा आहे, म्हणून होतंय" असं तिचंच निदान. शेवटी चिपळूणला नेलं. तिथे इको केला आणि रिपोर्टवर आलं : मायट्रल स्टेनोसिस, सिव्हिअर. समजावून सांगणाऱ्याने मराठीत सांगितलं, "ताई, तुमच्या हृदयाची झडप खराब झाली आहे."

आता 'झडप' या शब्दाची गंमत बघा. शाळेच्या पुस्तकात तो हृदयाच्या आकृतीत बाणाने दाखवलेला असतो. पण आमच्या वाडीत झडप घालतो तो बिबट्या, आणि माणूस 'झडपला' म्हणजे त्याला बाहेरची बाधा झाली. आजीने ऐकलं आणि ती एकदम गंभीर झाली. "म्हणजे झडपलीच म्हणायची. मी सांगत नव्हते, तिन्हीसांजेला व्हाळाकडे जाऊ नको म्हणून?" दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. शेजारच्या काकी सांगून गेल्या की त्यांच्या ओळखीत कुणाचा तरी वॉल बदलला, छाती फाडून. आईने तेवढंच धरून ठेवलं. "माझं काळीज बाहेर काढणार असतील तर मला कुठे नेऊ नका," एवढंच म्हणायची. त्यानंतर दहा-बारा दिवस ती या विषयावर बोललीच नाही. रात्री मात्र तिचा श्वास शेजारच्या खोलीत ऐकू यायचा.

मी हॉस्टेलवरून घरी गेलो होतो. नेटवरून चित्रं काढून दाखवली, चार कप्पे समजावले. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं जेवण वाढू?"

काम केलं ते बाबांनी. एका संध्याकाळी जोराचा पाऊस होता. आमच्या घराचं मागील दार आंब्याच्या फळ्यांचं, दोन पाखांचं. पावसाळ्यात ते फुगतं, दोन्ही पाखं एकमेकांत घट्ट बसतात आणि उघडायला गेलं की वीतभर फटीपुढे जात नाही. आई त्या फटीतून आडवी होऊन कळशी आत घेत होती. बाबा ओटीवरून उठून आत आले आणि म्हणाले, "अगो, तुझ्या काळजातलं दार असंच फुगलंय. पाखं चिकटलीत. रगताला आत यायला एवढीच फट आहे, म्हणून ते मागे फुफ्फुसात तुंबतंय. मी वॉल अर्धाच सोडला तर मागे टाकीला काय होतं? भरून वाहते. तेच तुझं होतंय. काळीज चांगलं आहे. दार अडकलंय."

आई कळशी खाली ठेवून थोडा वेळ त्या दाराकडे बघत राहिली. मग विचारलं, "तासून मिळेल काय?"

दार तासण्याचीही गरज पडली नाही. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, बरं होतं आणि सगळे विसरतात. स्ट्रेप्टोकॉकस जंतूविरुद्ध लढताना शरीर चुकून स्वतःच्याच झडपांवर उठतं. त्या जाड होतात, कडा एकमेकींना चिकटतात आणि वीस-तीस वर्षांनी दम लागायला लागतो. हा ऱ्हुमॅटिक हृदयविकार. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, आईचं ०.९ उरलं होतं. इलाज फुग्याचा होता. जपानी सर्जन कांजी इनोऊ यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत आणली. मांडीच्या शिरेतून मिटलेला फुगा हृदयापर्यंत न्यायचा, चिकटलेल्या फटीत बसवायचा आणि क्षणभर फुगवायचा. कडा सुटतात. मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलात हे झालं. छाती फाडली नाही. चौथ्या दिवशी आई चिपळूण स्टेशनवर स्वतःच्या पायाने उतरली. तोंड १.८ चौरस सेंटिमीटर झालं होतं. (गाऱ्हाणंही घातलं होतं. श्रेय कुणाला द्यायचं यावर आमच्याकडे दोन गट आहेत.)

त्या इकोच्या रिपोर्टमध्ये मला एक ओळखीची गोष्ट भेटली. आधीच्या रिपोर्टमध्ये रक्ताचा वेग सेकंदाला २.२ मीटर आणि दाबातला फरक १९ मिलिमीटर पारा असं लिहिलं होतं. नंतरच्या रिपोर्टमध्ये वेग १.४ आणि फरक ८. वेगाचा वर्ग करा आणि चाराने गुणा, आकडे बरोबर जुळतात. हे आपलं बर्नूलीचं समीकरण! रक्ताची घनता टाकली, पास्कलचे मिलिमीटर पारा केले की अर्धा-रो-व्ही-वर्गचं सरळ चार-व्ही-वर्ग होतं. ज्या फ्लुइड मेकॅनिक्सने आपल्यापैकी कित्येकांना बॅक दिली, तेच माझ्या आईच्या छातीत किती दाब तुंबलाय ते सुई न टोचता सांगत होतं.

मला वाटलं, वा, इंजिनिअरांनी डॉक्टरांना काय मदत केली! मग लायब्ररीत कळलं की डॅनियल बर्नूली स्वतः वैद्यकाचा पदवीधर. १७२१ साली त्याने श्वसनावर प्रबंध लिहिला, 'हायड्रोडायनामिका' आलं ते १७३८ साली. पाइपातल्या प्रवाहाचा नियम देणारा पॉइझेल हासुद्धा डॉक्टर. तेव्हा मनात आलं की व्हॉल्व्हचंही असंच काही नसेल ना? म्हणून लायब्ररीतला जाडजूड इंग्रजी व्युत्पत्तिकोश काढला. त्यावरची धूळ बघता माझ्या आधी तो कुणी काढल्याचं दिसत नव्हतं.

'व्हॉल्व्ह' हा शब्द लॅटिन 'वाल्वा'वरून आला. वाल्वा म्हणजे दाराचं पाख! रोमन लोकांच्या मोठ्या दारांना घडीची पाखं असायची, त्यातलं एक पाख म्हणजे वाल्वा. शब्दाचं मूळ 'वोल्वेरे', म्हणजे फिरणे, गडगडणे, याच कुळातलं धरतात. रिव्हॉल्व्ह, रिव्हॉल्व्हर, रिव्होल्यूशन ही त्याच घरातली पोरं. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरची व्होल्वोसुद्धा. 'व्होल्वो' म्हणजे लॅटिनमध्ये 'मी फिरतो'. म्हणजे बाबांचा वॉल आणि आपल्याला न परवडणारी बस ही चुलत भावंडं झाली. आणि कोकणातल्या वाचकांसाठी खास : तिसऱ्या, मुळे, कालवं यांना इंग्रजीत 'बायव्हॉल्व्ह' म्हणतात. दोन पाखांचे. उकळत्या पाण्यात टाकल्यावर तिसरी कशी दार उघडते ते आठवा, म्हणजे शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता मुख्य प्रश्न. इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस व्हॉल्व्ह म्हणजे दाराचं पाख. १६१०च्या दशकात तो शरीरातल्या पडद्यासाठी येतो. आणि यंत्रातल्या साधनासाठी? १६५०च्या दशकात! म्हणजे साधारण चाळीस वर्षांनी. शरीरातल्या झडपेसारखं काम करतं म्हणून यंत्रातल्या तुकड्याला व्हॉल्व्ह म्हटलं गेलं. विंगमधली बाराच्या बारा मतं आडवी झाली.

यामागे एक सुंदर गोष्ट आहे. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फाब्रिसिअस नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. शिरांच्या आत छोटे छोटे पडदे असतात हे त्यांनी बारकाईने दाखवलं आणि १६०३ साली त्यावर पुस्तक छापलं. पुस्तकाच्या नावात या पडद्यांना शब्द वापरला 'ओस्तिओला', म्हणजे छोटी दारं. रक्त खाली फार जोरात उतरू नये म्हणून ती असावीत, असं त्यांना वाटलं. त्यांच्या वर्गात एक इंग्रज विद्यार्थी होता, विल्यम हार्वे. तो या दारांवर विचार करत राहिला. दार एकाच बाजूला उघडतं, तर रक्त एकाच बाजूला जाणार. मग ते परत कुठून येतं? १६२८च्या पुस्तकात त्याने उत्तर दिलं : रक्त गोल फिरतं. हार्वेला म्हातारपणी रॉबर्ट बॉइलने (तोच, बॉइल्स लॉवाला) विचारलं होतं की ही कल्पना सुचली कशावरून. हार्वेने शिरांतल्या झडपांचंच नाव घेतलं.

हार्वेचा प्रयोग हॉस्टेलवरही करता येतो. दंडाला रुमाल जरा आवळून बांधा. हातावरची शीर टरारून येईल आणि तिच्यावर मध्ये मध्ये गाठीसारखे फुगवटे दिसतील. तिथे झडपा आहेत. मनगटाच्या बाजूला बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त वर, पुढच्या फुगवट्यापलीकडे ढकला. मधला भाग रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आयएसआय मार्क नसलेला! (रुमाल लगेच सोडा.)

याच हार्वेच्या व्याख्यानांच्या टिपणांत हृदयाची तुलना पाणी उपसणाऱ्या भात्याच्या झापांशी केलेली आहे. त्या झापांना तेव्हाचे इंग्रज कारागीर 'क्लॅक' म्हणत, आपटताना होणाऱ्या आवाजावरून. म्हणजे वस्तू कारागिरांकडे आधीपासून होती, साध्या बोलीतल्या नावासकट. 'व्हॉल्व्ह' हे भारदस्त नाव मात्र तिला हृदयाकडून मिळालं.

'मायट्रल'चंही सांगून टाकतो. ख्रिस्ती बिशपच्या डोक्यावर दोन टोकांची उंच टोपी असते, ती 'माइटर'. १५४३ साली व्हेसालिअसने आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात डाव्या बाजूच्या दोन पाखांच्या झडपेला या टोपीची उपमा दिली. ग्रीकमध्ये 'मित्रा' म्हणजे डोक्याचा पट्टा, फेटा. वर्कशॉपमध्ये कानस घासून घासून जमवलेला माइटर जॉइंट आणि सिव्हिलवाल्यांचं कालव्यावरचं माइटर गेट, दोन पाखं कोनात भेटणारं, यांची नावंही बहुधा या टोपीवरूनच पडली.

मराठीने काय केलं? आपण वाल्वाचं 'झडप' केलं. खिडकीच्या झडपा आपल्या घरोघरी होत्याच, म्हणजे पुन्हा पाखच. मायट्रलला पुस्तकात 'द्विदल' म्हणतात, उजवीकडच्या तीन पाखांच्या झडपेला 'त्रिदल'. द्विदल म्हटलं की मेसवाल्याची डाळ आठवते, पण त्रिदल म्हणजे बेलाचं पान. हे आईला सांगितल्यावर तिला फार आवडलं. वरच्या कप्प्याला इंग्रजीत 'एट्रियम', म्हणजे रोमन घराचा दर्शनी चौक. आपण त्याला 'अलिंद' म्हणतो, संस्कृतात त्याचा अर्थ दारापुढची ओटी. खालचा 'निलय', म्हणजे घर. दोन्ही भाषांनी हृदयाच्या आत पाहिलं आणि दोघींना तिथे घरच दिसलं. ओटी, दार, माजघर. छातीला कान लावल्यावर येणारा लब-डब आवाज या दारांच्या मिटण्याचा असतो, लब वरच्या दोन दारांचा, डब बाहेर पडायच्या दोन दारांचा. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर वेळा.

मग इंजिनिअरांनी हे नाव नुसतं उसनं घेतलं आणि गप्प बसले का? नाही. १९६० साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार या सर्जनने माणसाच्या हृदयात कृत्रिम मायट्रल झडप यशस्वीपणे बसवली. ती बनवली होती लोवेल एडवर्ड्स या निवृत्त इंजिनिअरने. पिंजऱ्यात एक गोळी, दाब आला की सरकते, उलटा आला की बसते. बॉल चेक व्हॉल्व्ह! आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्याबरोबरच्या इंजिनिअरांनी अनेक वर्षं खपून भारतीय झडप तयार केली. आधीची मॉडेलं चाचण्यांत टिकली नाहीत, मग धातू बदलला, चकती बदलली. शेवटी कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट आणि पॉलिएथिलीनची कलती चकती असलेलं 'चित्रा' मॉडेल डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. तेव्हापासून हजारो लोकांच्या छातीत ती उघडते, मिटते. २०२४ साली डॉ. वलियाथन गेले. दारावरून शब्द हृदयाकडे गेला, हृदयावरून यंत्राकडे आला आणि साधारण तीनशे वर्षांनी यंत्र परत हृदयात जाऊन बसलं. उधारी फिटली म्हणायला हरकत नाही.

सुट्टीत हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी सावकाश ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आधी दार, मग काळीज, मग आमची चावी. तुझ्या आईला मी तेच सांगितलं होतं की!" खरंच. लॅटिन न शिकता त्यांनी शब्द त्याच्या मूळ घरी नेऊन ठेवला होता, आणि म्हणूनच ती मुंबईला जायला तयार झाली. मी दाखवलेल्या चित्रांतला शब्द परका होता आणि परक्या शब्दाला माणूस घाबरतो. फुगलेल्या दाराला कोण घाबरतं?

आईचं आता बरं आहे. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला जाते, चिकटलेलं दार पुन्हा चिकटू नये म्हणून. तुमच्या घरात एखाद्या लहान मुलाचा घसा दुखून सांधे सुजले, तर त्याला डॉक्टरकडे नक्की न्या. तिच्या लहानपणी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि पुढच्या ओरलला एक्स्टर्नलने व्हॉल्व्हची व्याख्या विचारली तर "सर, दाराचं पाख" असं सांगून बघा. मार्क किती मिळतील त्याची गॅरंटी नाही.

— तृतीय वर्ष, यांत्रिकी